गफूरमामांचं नाक आणि फुगलेली बोटं

दौंडच्या डॉक्टरांनी माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हिमाचल, काश्मीर, तिकडं कुठं जाऊन आलात का?"

"नाही हो. वरवंडच्या अलीकडं नोकरीला जाते."

डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. दहाही बोटांची टोकं लालजांभळी झाली होती, गाजरासारखी फुगली होती आणि खाज अशी, की भर रस्त्यात भिंतीला हात घासत सुटावं. त्यांनी एक जाड पुस्तक काढून चाळलं, मला कधीच उच्चारता न आलेलं एक इंग्रजी नाव सांगितलं, "पण हे आपल्याकडं होत नाही" असंही सांगितलं आणि मलम लिहून दिलं. होत नाही म्हणे! झालेलं त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं की मी, दहा नग.

दुसऱ्या दिवशी ते मलम पर्समध्ये घालून मी कामावर गेले. पर्स उघडलीही नव्हती, तोवर तिथल्या गफूरमामांनी नाक वर केलं.

"कापराचं मलम आणलंय व्हय, ताई? ठेवून द्या. डोकं दुखलं तर लावा. बोटाला असं दटावून चालत न्हाई. बोटाला सावकाश समजवायचं असतंय."

हे नव्वदच्या दशकातलं. हायवेला लागून एका खाजगी डेअरीचं दूध थंड करायचं केंद्र होतं. आम्ही त्याला नुसतं सेंटर म्हणायचो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध सकाळी तिथं यायचं, थंड व्हायचं आणि टँकरनं पुण्याला जायचं. मी लॅबमध्ये होते. लॅब म्हणजे एक खोली, एक टेबल, एक लॅक्टोमीटर आणि गारढोण पाण्यात काचेच्या नळ्या विसळत बसलेली मी. डिसेंबरात त्या पाण्यात हात घातला की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मामा सकाळी कॅन उतरवायच्या धक्क्यावर दुधाचा वास घ्यायला असत आणि नंतर दिवसभर थंड खोलीत, पायाखाली पाणी आणि डोक्यावर गार वाऱ्याचा झोत. त्यामुळं बोटं फुगण्याच्या बाबतीत ते माझे सीनियर. त्यांची हातापायाची बोटं पंधरा हिवाळे फुगत होती.

मामा उंच, वाळके, पांढऱ्या आखूड दाढीचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या दौंडचं. वडील रेल्वेत होते, भाऊ रेल्वेत होते, मामा तेवढे दुधात पडले. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर आणि पायात गमबूट. गमबुटाच्या आत मोजे, मोज्यावर दुधाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीवर पुन्हा मोजा. पाणी आत शिरू नये म्हणून हा बंदोबस्त. चालताना त्याची चरचर व्हायची. मामा दिसायच्या आधी ऐकू यायचे.

आणि नाक! मामांच्या नोकरीचं सगळं बळ त्या नाकात होतं. कॅनचं झाकण उचलायचं, आतली बाजू नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "साफ." किंवा "परत." मधलं काही नाही. माझी लॅब फॅट सांगायची, पाणी किती घातलंय ते सांगायची. पण दूध नासायला लागलंय, म्हशीनं काहीबाही खाल्लंय, कॅन नीट धुतलेला नाही, हे मामांचं नाक माझ्या नळीच्या आधी सांगायचं. "उसाचं वाढं जास्त झालंय, पाटील. जरा कडबा घाला." "झाकणाला फडकं बांधलंय ते पोराचं लंगोट हाय का वो?" समोरचा खाली मान घालायचा, कारण ते असायचंच.

एकदा शिरूरकडनं त्यांचे सख्खे मेहुणे, म्हणजे मामींचे भाऊ, दोन कॅन घेऊन आले. त्यांनी नुकताच गोठा घातला होता. पहिलाच दिवस, अंगावर नवा शर्ट, दाजींच्या जिवावर रुबाबात धक्क्यावर उभे. मामांनी झाकण उचललं. डोळे मिटले. "परत."

"दाजी, अवो मी हाय!"

"तुम्ही हाय ते दिसतंय. दूध कालचं हाय."

मामी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. डब्यात नुसती भाकरी आणि मीठ यायचं. मामा धक्क्यावर बसून तेच मिटक्या मारत खायचे आणि सांगायचे, "ताई, तोंडाला खोटं बोलता येतंय. नाकाला येत न्हाई. आल्लानं नाकाला जीभच दिली न्हाई." हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. मला पाठ झालं होतं.

नाकानंतर त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे फुगलेल्या बोटांची औषधं. हायवेवर थांबणाऱ्या ट्रकवाल्यांकडून, रेल्वे कॉलनीतल्या परप्रांतीय बायकांकडून, बदली होऊन आलेल्या फौजींकडून त्यांनी ती गोळा केली होती. पहिला नियम असा, की गारठ्यातून आल्या आल्या शेकोटीवर हात धरायचा नाही. कुणी धरलाच तर मामा त्याला बकोटीला धरून मागं ओढायचे. आधी हात काखेत, मग कोमट पाण्यात, मग पुसून कोरडा. "गारठलेल्या बोटाला एकदम आग दावली की ते बावचळतंय. सावकाश समजवायचं." खाज सुटली की कच्च्या बटाट्याची चकती, मीठ लावून. मंडईत उरलेला झेंडू आणून त्याच्या पाकळ्या पाण्यात उकळायच्या आणि कोमट झाल्यावर त्यात पाय सोडायचे. सेंटरच्या मागं घमेल्यात झेंडूच्या पाण्यात पाय घालून बसलेले मामा म्हणजे पूजा मांडल्यासारखं दिसायचं. समोरून जाणारा एखादा हात जोडून जायचा.

सगळीच औषधं लागू पडायची असं नाही. एका पंजाबी ड्रायव्हरनं सांगितलं, शलगमच्या पाण्यात हात बुडवा. आता दौंडच्या मंडईत शलगम कोण विकतो? मामांनी भाजीवालीला वर्णन सांगितलं. गोल असतो, जमिनीखाली येतो, जांभळट असतो. तिनं खुशाल बीट दिलं. मामांनी तासभर हात बुडवून ठेवले. बोटं आधीच लाल, ती अशी रंगली की दुसऱ्या दिवशी धक्क्यावर प्रत्येक जण विचारत होता, "मामा, घरात लगीन हाय का?" सूज उतरली की नाही हे चार दिवस कळलंच नाही, कारण रंगाखाली काही दिसेना. मामांचं मत मात्र ठाम, "फरक हाय. आतनं हाय."

पण एक औषध खरंच गुणकारी होतं. तिळाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या आणि ओवा घालून मंद आचेवर लसूण काळी होईस्तोवर उकळायचं, गाळायचं आणि कोमट असताना बोटांना चोळायचं. मला चार दिवसांत उतार पडला, तरी मी रोज लावत राहिले. खोटं कशाला बोलू, डॉक्टरांचं मलम मी नंतर खरंच डोक्याला लावून संपवलं. त्या हिवाळ्यात थंडी सणसणीत होती आणि मामांनी ते तेल बाटल्या भरभरून वाटलं. वॉचमनला दिलं, टँकरच्या ड्रायव्हरला दिलं, आणि हौसाबाईंना दिलं.

हौसाबाई कालव्याकडच्या वस्तीवर एकट्या राहायच्या. नवरा गेलेला, लेक सासरी. चंद्री नावाची एक म्हैस, आणि त्या म्हशीच्या दुधावर सगळं घर. रोज पहाटे कालव्याच्या पाण्यात भांडी घासून, धार काढून, डोक्यावर कॅन घेऊन चालत यायच्या. एक दिवस मामांचं लक्ष त्यांच्या बोटांकडं गेलं. माझ्यापेक्षा वाईट अवस्था, कातडी तडकलेली.

"हौसाक्का, ह्या बोटांनी धार काढता?"

"मग काय पायानं काढू?"

मामांनी तिथल्या तिथं बाटली हातात ठेवली. "सांजच्याला लावा, सकाळी उठल्यावर लावा. चोळून चोळून. कंटाळा करू नका." हौसाबाईंनी कंटाळा केला नाही. पुढचं सगळं कशामुळं बिघडलं, तर मामांचं औषध ह्या एका बाईनं सांगितल्याप्रमाणं लावलं म्हणून.

महिन्याभरानं, एका सकाळी मामांनी त्यांच्या कॅनचं झाकण नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि पुन्हा एकदा नेलं. दोनदा वास घेताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"परत."

धक्क्यावरचे सगळे वळून बघायला लागले. हौसाबाईंचं दूध कधी परत गेलं नव्हतं.

"लसूण हाय, आक्का. म्हशीनं लसणाची पात खाल्ली कुठंतरी."

"आमच्या शिवारात लसूणच न्हाई, भाऊ!"

"नाक सांगतंय."

आमच्याकडं कांद्याची, लसणाची पात खाल्लेल्या जनावराच्या दुधाला वास येतो, ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पण सेंटरचा नियम वाईट होता. लागोपाठ तीन दिवस दूध परत गेलं, की चौथ्या दिवशी दूध घालायचं कार्ड बंद. दुसरं सेंटर लांब, डोक्यावर कॅन घेऊन तिथवर जाणं हौसाबाईंच्यानं होणारं नव्हतं. कार्ड बंद म्हणजे चूल बंद.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंद्रीला दावणीलाच बांधून नुसता कडबा घातला. मामांनी झाकण उचललं. "लसूण हायच. आन् आज तिळाचा वास बी हाय. पेंड कुठली घालता, तिळाची?"

"पेंड बघितली न्हाई तिनं दिवाळीपास्नं!"

तिसऱ्या दिवशी तर मामांच्या नाकानं कमालच केली. बराच वेळ डोळे मिटून, मान हलवत, कौतुकानंच म्हणाले, "ओवा! लसूण, तीळ आन् ओवा. आक्का, म्हशीला बाळंतिणीचा खुराक देता का काय?"

हौसाबाई मटकन पायरीवर बसल्या. "तिच्या तोंडात लसणाची एक पाकळी गेली आसंल, तर माझ्या जिभंला किडं पडू दे." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मामांचा चेहराही कसनुसा झाला, पण हात झाकणावरच होता. नाकाला जीभ नाही ना.

मी खिडकीतून बघत होते आणि खरं सांगते, मामांचा राग आला होता मला. एवढं कसलं ते नाक! रागारागात बोट खाजवलं, खाजवलेलं बोट गालाला टेकवलं, आणि जागच्या जागी थबकले. मी उठून बाहेर गेले. माझा हात मामांच्या नाकाखाली धरला.

मामांनी सवयीनं डोळे मिटले. "लसूण," ते म्हणाले. "तीळ." मग डोळे उघडले. ओवा म्हणायचं राहूनच गेलं.

त्यांनी हौसाबाईंचा हात धरला आणि हुंगला. महिनाभर ते तेल चोळून, त्याच तेलकट बोटांनी सडांना हात लावून त्या धार काढत होत्या. धारेआधी सडांना लावायला वेगळं तेलाचं बोट घ्यायची गरजच उरली नव्हती! मामा स्वतः ते तेल संध्याकाळी लावायचे आणि सकाळी राख-लिंबानं हात खसाखसा धुऊनच कामावर यायचे, कारण धक्क्यावर नाकाला दुसरा वास चालत नाही. बाटल्या सगळ्यांना वाटल्या, पण राख-लिंबाचं सांगायचं मात्र राहिलं.

मामा हौसाबाईंच्या शेजारी पायरीवर बसले. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हशीचा गुन्हा न्हाई. ह्या बाईचा न्हाई. वास माझा हाय." आणि मग हळूच, नुसतं मला, "ताई, नाक बरोबर निघालं आन् मी गाढव निघालो."

आमचे साहेब वयानं मामांच्या मुलाएवढे, पण बी.एस्सी. आणि नियमाला पक्के. त्यात त्यांना आठवडाभर सर्दी, नाक लाल, रुमाल हातात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिंकून निकाल दिला, "तीन वेळा परत म्हणजे परत. कार्ड वाचवायचं असेल तर पुरावा पाहिजे. उद्या सकाळी माझ्यासमोर हात बदला, म्हैस तीच ठेवा. वास आला नाही तर म्हैस निर्दोष. मामा, वास तुम्हीच घ्यायचा. मला आत्ता रॉकेलसुद्धा कळत नाही."

हात कुणाचे? मामांचेच. लहानपणी घरी म्हैस होती त्यांच्या. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या बोटांना तेल लावलं नाही.

सकाळी आम्ही वस्तीवर गेलो तेव्हा मामांची बोटं टम्म फुगलेली होती. राख-लिंबानं धुतली होती ती वेगळीच. तडकलेल्या कातडीवर लिंबू! मला बघूनच अंगावर काटा आला. पण खरी अडचण चंद्रीची. हौसाबाईंशिवाय ती कुणाला हात लावू देत नसे. मामा जवळ गेले आणि तिनं अशी लाथ झाडली की साहेब दोन पावलं मागं सरकले.

"लुगडं नेसा," हौसाबाई म्हणाल्या.

आमच्याकडं ही रीतच आहे. म्हैस बाईच्या हाताची असली आणि बाई आजारी पडली, तर बाप्या माणूस तिचं लुगडं अंगाला गुंडाळून धारेला बसतो. पण साहेब आलेले म्हणून हौसाबाईंनी ट्रंकेतलं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. मामांनी ते दोन स्वेटरांवर गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला, पदराखालून पांढरी दाढी आणि लुगड्याखालून गमबूट. चरचर करत ते पुढं झाले. चंद्रीनं मान वळवली, हुंगलं आणि दुसरी लाथ घातली.

"डांबराच्या गोळीचा वास येतोय लुगड्याला," मामा जमिनीवरून उठत म्हणाले. "तिचं बी नाक माझ्यावानीच हाय. बोलायचं काम न्हाई. रोजचं द्या, आक्का."

हौसाबाई आत जाऊन रोजचं, विटकं लुगडं घेऊन आल्या. मामांनी ते गुंडाळलं आणि चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "सावकाश, बाई, सावकाश. मी हौसाक्काच हाय. जरा दाढी आलीया, एवढंच." मी तोंडात ओढणी कोंबली होती. साहेब हसावं की शिंकावं ह्या पेचात. बऱ्याच वेळानं चंद्रीनं कान पाडले, पान्हा सोडला, आणि बादलीत धार वाजली. प्रत्येक धारेला मामांचा जबडा आवळत होता. मला त्यांची बोटं दिसत होती. हसू कुठल्या कुठं पळालं माझं. मध्येच पदर घसरून दोनदा बादलीत टेकला, तो त्यांनी खांद्यानं सावरला.

दूध कॅनमध्ये ओतलं. झाकण लावलं. मामांनी पदर काढला, दाढी पुसली आणि झाकण उचलून नाकाशी नेलं. डोळे मिटले. हौसाबाई म्हशीचा दोर धरून उभ्या होत्या, जसं काही दोर सोडला तर त्याच पडतील. साहेब बघत होते. मामांनी डोळे उघडले, त्या दोराकडं पाहिलं आणि म्हणाले,

"साफ."

हौसाबाईंनी चंद्रीच्या मानेवर डोकं टेकलं. साहेबांनी कार्डावर सही केली. तेवढ्यात मामांनी कॅनवर हात ठेवला. "पर सायेब, हे दूध सेंटरला न्यायचं न्हाई. तुम्ही पयल्यांदा वस्तीवर आलाय, पाव्हणे हाय. आक्का, समद्या दुधाचा च्या ठेवा. आन् आलं घाला. अजून घाला. कंजूषपणा करू नका."

चहा इतका तिखट झाला की साहेबांचं नाक मोकळं व्हायला लागलं. "वा, आलं मस्त आहे," म्हणत त्यांनी दोन कप घेतले. मीही घेतला. घोटाघोटाला आल्याच्या मागं मला काहीतरी ओळखीचं लागत होतं. पण मी कशाला बोलू?

हौसाबाईंचं कार्ड पुढं चालूच राहिलं. मामांनी लसणाचं तेल बंद करून तुपात झेंडूच्या पाकळ्या कढवून द्यायला सुरुवात केली. बाटलीबरोबर अर्धं लिंबू सक्तीचं होतं.

नंतर माझं लग्न होऊन मी शिरूरला आले. सेंटरवर वास घ्यायलाही यंत्रं आली, असं ऐकलं. मामा रिटायर झाले. आठ-दहा वर्षांनी शिरूरच्याच एका हॉलमध्ये, जानेवारीच्या एका लग्नात, मागून ओळखीची चरचर ऐकू आली. वळले तर मामा! पार वाकलेले, नव्या शेरवानीवर तोच मफलर आणि बुटांच्या आत दुधाच्या पिशव्या. नवरी म्हणजे त्या मेहुण्यांची नात. त्यांनी ख्यालीखुशाली नंतर विचारली, आधी माझी बोटं हातात घेऊन बघितली. "ब्येस हायेत," म्हणाले.

मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "मामा, खरं सांगा. त्या दिवशी हौसाबाईंच्या दुधाला वास होता ना?"

मामांनी आधी मामी कुठं आहेत ते बघून घेतलं. बायकांच्या घोळक्यात होत्या, लांब.

"व्हता की. त्या लुगड्याला महिनाभर तिनं तेलाचं हात पुसलं व्हतं. पदर बुडाला बादलीत. कसा न्हाई येणार?"

"आणि तुम्ही साफ म्हणालात! मेहुण्याला सोडलं नाहीत, आणि..."

"मेव्हण्याच्या दुधाला मेव्हण्याचा वास व्हता, ताई. तिच्या दुधाला माझा व्हता. माझा वास मी त्या बाईच्या कार्डावर कसा लिवू?"

एवढं बोलून ते जेवणाच्या पंगतीकडं निघाले. बँडच्या आवाजातसुद्धा ती चरचर मला बराच वेळ ऐकू येत राहिली.